बॅले स्कूलला देणगी द्यायचीय, पण कुठल्या चौकोनात टिक करू?

बाकावरची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, इथे कुणाला यातलं कळतं का माहीत नाही, पण विचारून बघते.

माझी मुलगी नऊ वर्षं बॅले शिकत होती, एकाच शाळेत. गेल्या वर्षी सोडलं. भांडण वगैरे काही नाही, कंटाळली, आता दुसरं काहीतरी करायचंय तिला, ठीके. ती नऊ वर्षं मी हॉलबाहेरच्या बाकावर काढलीत. आतून पियानो आणि बाईंचा 'आणि एक, आणि दोन' ऐकू यायचं, अजूनही भांडी घासताना माझे पाय आपोआप बाहेर वळतात (हसू नका).

तर आता शाळेकडून पत्र आलंय. त्यांचे 'कम्युनिटी आणि एज्युकेशन' प्रोग्रॅम्स आहेत, म्हणजे आसपासच्या शाळांमधे जाऊन फुकट क्लास घ्यायचे, ज्यांना परवडत नाही त्या मुलांना स्कॉलरशिप, रंगीत तालीम शाळेच्या मुलांना फुकट दाखवायची, शिवाय पार्किन्सन्स झालेल्या लोकांसाठी आठवड्यातून एक क्लास. खाली फॉर्म, त्यावर चौकोन. 'जिथे सर्वात जास्त गरज आहे तिथे', 'स्कॉलरशिप', 'कायम निधी', 'दरमहा देणगी', आणि अमुक रकमेच्या वर दिलं तर वार्षिक समारंभात पुढच्या रांगेतली खुर्ची नि कार्यक्रमपत्रिकेत नाव.

आई जाऊन दीड वर्ष झालं. तिचे थोडे पैसे मी बाजूला ठेवलेत. नातीचा नाच बघायला तिला फार आवडायचं, तर तिच्या नावाने स्कॉलरशिप द्यावी असं मनात आहे. नवरा म्हणतो बॅले म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, त्यापेक्षा कुणाच्या तरी औषधपाण्याला दे. त्याचंही अगदीच चूक नाही, म्हणून तर अडकलेय. या प्रोग्रॅम्सचा खरंच उपयोग होतो की फोटोपुरतं असतं? आणि द्यायचेच तर कुठे टिक करू?

---

तिरकस

नवऱ्याला अनुमोदन.

बॅले मुळात राजवाड्यातला नाच. चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली आणि १७१३ मधे पॅरिस ऑपेराची शाळा सुरू झाली. तिथपासून आजतागायत ही कला कुणा ना कुणाच्या मेहेरबानीवर जगतेय, आधी राजा, मग झार, आता देणगीदार. फुकट क्लासचे फोटो देणगीदारांना दाखवायला बरे पडतात, एक सावळी मुलगी हात वर करून उभी, मागे खिडकीतून ऊन. आमच्या ओळखीच्या एकांनी अशाच एका समारंभाचं तिकीट घेतलं, जेवले, टाळ्या वाजवल्या आणि घरी आले. त्यातले किती पैसे कुठल्या पोरापर्यंत गेले ते त्यांनाही माहीत नाही नि आयोजकांनाही असेल असं वाटत नाही.

---

जुनी_नाचरी

तिरकस, अर्धं बरोबर आहे तुमचं. राहिलेलं अर्धं सांगते. मी बारा वर्षं अशाच एका बॅले शाळेच्या आउटरीचमधे (म्हणजे बाहेरच्या शाळांत जाऊन) शिकवलंय, त्यामुळे लांबेल, आधीच माफी मागते.

राजवाड्याचं म्हणता ना, सेंट पीटर्सबर्गची शाळा, जिला आज वागानोवा अकादमी म्हणतात, ती १७३८ ची. पहिल्या तुकडीत कोण होतं? राजवाड्यातल्या नोकरचाकरांची मुलं. आणि पॅरिस ऑपेराच्या शाळेत आजही शिकायची फी नाही, सरकार बघतं. म्हणजे चोचले बघणाऱ्यांचे असतील, नाचणारे बऱ्याचदा गरिबाघरचेच होते. जिथे सरकार पैसे देत नाही तिथे मात्र शाळा फीवर चालते आणि फी भरणाऱ्यांचीच मुलं दिसतात. देणगीचा प्रश्न तिथे सुरू होतो.

आता उपयोग होतो का. आम्ही आठवड्यातून एकदा एका शाळेत जायचो. बार नाही (ज्याला धरून सराव करतात तो दांडा), मग खुर्चीची पाठ धरायची. पण खुर्ची हलकी, मुलाने पाय उचलला की घसरते. त्यावर उपाय असा की जोड्या लावायच्या, एकाने खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने पाठ धरायची, मग अदलाबदल. बसलेला पोरगा तेवढ्या वेळात उभ्या असलेल्याच्या चुका सांगायचा, आणि खरं सांगते त्यातनं ते जास्त शिकले. खाली फरशी, फरशीखाली काँक्रीट, म्हणून पहिले काही महिने उड्या बंद, कारण बॅलेची जमीन खालून लवचिक लागते नाहीतर नडग्यांची वाट लागते. पण पोरं काय ऐकतायत, मी पाठ केली की उड्या.

दहा आठवडे झाले की पैसे संपायचे. शेवटच्या दिवशी एका मुलाने विचारलं, बाई पुढच्या मंगळवारी आहे ना? मी नाही म्हणाले आणि तो मोजे बूट घालून निघून गेला, रडला वगैरे काही नाही. वार्षिक अहवालात मात्र तो 'पोहोचलेल्या' मुलांमधे मोजला गेला. एकदा तर आम्ही एका शाळेच्या सभागृहात पाऊण तास प्रात्यक्षिक केलं, समोर चारेकशे मुलं मांडी घालून बसलेली, तीही सगळी 'पोहोचलेली'.

म्हणून बाकावरची_आई, तुम्ही शाळेला एवढा एकच प्रश्न विचारा, की फुकट क्लासमधून आलेली किती मुलं दुसऱ्या वर्षीही टिकली. किती मुलांपर्यंत पोहोचलात हे विचारूच नका, तो आकडा हवा तेवढा फुगतो.

आणि टिकत का नाहीत? फीमुळे नाही हो, फी तर माफच असते. आई कामावर, संध्याकाळी सोडायला कोणी नाही, हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला. मिस्टी कोपलंडचं उदाहरण सगळे देतात, कॅलिफोर्नियात सॅन पेड्रोच्या क्लबमधे बास्केटबॉलच्या कोर्टवर फुकट क्लास, तिथे ती तेराव्या वर्षी सुरू झाली (बॅलेसाठी हे फार उशिरा), आणि २०१५ मधे अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल (म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची नर्तकी) झाली, त्या जागेवर पोचलेली पहिली कृष्णवर्णीय बाई. पण मधला भाग कुणी सांगत नाही. तिच्या टीचर तिला रोज शाळेतून गाडीने घेऊन यायच्या, पुढे तर काही काळ ती त्यांच्याच घरी राहिली, कारण तिच्या घरचे तेव्हा मोटेलमधे राहत होते. कोर्टवरच्या क्लासने तिला शोधलं, टिकवलं त्या गाडीने. पण 'गाडीभाडे निधी' असा चौकोन मी तरी कुठल्या फॉर्मवर पाहिला नाही.

---

तिरकस

एक मिस्टी दाखवायची आणि बाकी हजार विसरायच्या, हे लॉटरीच्या जाहिरातीसारखं झालं. असो, दुसऱ्या वर्षाचा प्रश्न आवडला.

---

फी_माफ

मी त्या बाकीच्या हजारातली. आयडी त्यावरूनच घेतलाय.

अकरा ते सोळा मी पूर्ण स्कॉलरशिपवर शिकले. नर्तकी झाले नाही, दंतवैद्य झाले. वाया गेले का ते पैसे? मला नाही वाटत, पण ते जाऊदे.

सांगायचंय ते पॉइंट शूजबद्दल, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे शूज. साधारण अकरा-बारानंतर, पायांत ताकद आली की मुली त्यावर चढतात. लोकांना वाटतं आत लाकूड असतं. लाकूड नसतं, कापडाचे कागदाचे थर गोंदाने चिकटवून पुढे कडक डबी केलेली असते आणि तळव्याखाली एक पट्टी. घामाने गोंद मऊ पडतो, डबी बसते, पट्टी मोडते. मोठ्या नर्तकींची जोडी एका प्रयोगात संपू शकते. माझी काही आठवडे चालायची, आणि नवी आपल्या पैशाने घ्यायची, कारण स्कॉलरशिप फक्त फीची होती.

घरी सांगायची लाज वाटायची. मग मी काय करायचे, रात्री शूजच्या टोकात झटपट चिकटणारा गोंद ओतायचा आणि खिडकीत उभे करून ठेवायचे. सकाळी दगड. दोन तीन दिवस चालायचं मग परत. एकदा पट्टी मधेच मोडली होती आणि मी तशीच उभी राहिले, घोटा असा मुरगळला की महिनाभर खुर्चीत बसून क्लास बघितला. टीचरने शूज हातात घेऊन वाकवले, कागदासारखे दुमडले ते. काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात माझ्या लॉकरमधे नवी जोडी होती. कुणी दिली ते आजपर्यंत कळलं नाही.

त्यामुळे ताई, आईंच्या नावाने देणारच असाल तर फीसोबत शूज, टाइट्स, परीक्षेची फी, येणंजाणं हे सगळं धरा असं लिहून द्या.

---

हिशेबनीस

संस्थांचे हिशेब तपासायचं काम करतो, बॅलेतलं शून्य कळतं. पैशाचं तेवढं सांगतो.

फी माफीची एक गंमत असते. पंधरा मुलांचा क्लास चालूच आहे, त्यात सोळावं मूल फुकट घेतलं तर शाळेचा जादा खर्च जवळपास काही होत नाही, टीचर तीच, हॉल तोच, पियानोवाला तोच. तुमची स्कॉलरशिपची देणगी फीच्या खात्यात जमा होते आणि तिथून पगार, वीज, भाडं यात जाते. यात फसवणूक नाहीये, शाळा चालली तरच मूल शिकेल, पण आपला पैसा थेट त्या मुलाच्या हातात पडला असं समजू नका. मुलाला खिशातून करावा लागतो तो खर्च वेगळाच, वर फी_माफ यांनी सांगितलाय तो.

दुसरं, अट घातलेली देणगी. तुम्ही 'फक्त स्कॉलरशिप' लिहिलंत की शाळेला ती दुसरीकडे वापरता येत नाही. मी एका संस्थेचे कागद बघितलेत (नाव नको), स्कॉलरशिपच्या खात्यात पैसे पडून, आणि मुलांना आणणारी बस बंद कारण बससाठी कुणी देईना. बसवर कुणाच्या आईवडिलांचं नाव लिहीत नाहीत ना. म्हणून शाळेवर विश्वास असेल तर 'जिथे गरज आहे तिथे' हा चौकोन सगळ्यात उपयोगाचा, दिसायला सगळ्यात फिका असला तरी. विश्वास नसेल तर अट घालून देण्यापेक्षा देऊच नका.

कायम निधी म्हणजे मुद्दल तसंच ठेवून त्यातनं दरवर्षी साधारण चार-पाच टक्के खर्च करायचे. म्हणजे शंभर दिले तर वर्षाला चार-पाच. मोठी रक्कम असेल तरच त्यात अर्थ आहे, छोट्या रकमेचं व्याज एका जोडीलाही पुरणार नाही.

समारंभाची खुर्ची घेऊ नका. जेवण, हॉल, फुलं यांचा खर्च त्यातूनच जातो आणि बऱ्याच देशांत करसवलतही जेवणाखुर्चीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच मिळते. बाकी नोंदणी, मागच्या दोन तीन वर्षांचे ताळेबंद, पावती हे बघा. दरमहा थोडं थोडं दिलंत तर शाळेला पुढचं वर्ष आखता येतं, टीचरला दहा आठवड्यांऐवजी वर्षाचा शब्द देता येतो.

अवांतर: मुलगे मिळत नाहीत म्हणून काही बॅले शाळा सगळ्याच मुलग्यांची फी माफ करतात असं ऐकलंय. तसं असेल तर स्कॉलरशिपच्या आकड्यात ते धरलेत का तेही विचारा.

---

जुनी_नाचरी

हो करतात, आणि धरतातही 😄 गाडीतून उतरणारा मुलगाही 'स्कॉलरशिप विद्यार्थी'.

पियानोवाल्याचा विषय निघालाच आहे तर, खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. स्पीकर लावा म्हणतात. पण रेकॉर्डिंग मुलांसाठी थांबत नाही हो. आमचे पियानोवाले काका बघायचे की सगळ्यांचे पाय अजून वर आहेत, आणि शेवटचा सूर तेवढा लांबवायचे. ज्या शाळेत आम्ही स्पीकर घेऊन जायचो तिथली मुलं ठेका मोजायला शिकली, ऐकायला नाही.

आणि देणगीने कायकाय बदलतं त्याचं मोठं उदाहरण. १९६३ मधे फोर्ड फाउंडेशनने अमेरिकेतल्या आठ बॅले संस्थांना मिळून पाऊण कोटी डॉलरच्या वर दिले. त्यात नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलंशिनची स्कूल ऑफ अमेरिकन बॅले होती, त्याचीच न्यूयॉर्क सिटी बॅले होती, आणि गावोगावच्या होतकरू मुलांना स्कॉलरशिप हा त्यातला मोठा भाग. मुलांचं भलं झालं यात शंका नाही. पण मॉडर्न डान्सवाले भडकले, आम्हाला का नाही म्हणून, आणि बॅलेतल्याही बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की सगळं एकाच घराण्याकडे गेलं. देणाऱ्याने टिक केली की दहा वर्षं कोण काय शिकणार ते ठरतं. तुमची रक्कम एवढी नसेल, पण तत्त्व तेच.

उलट आर्थर मिचेल बघा. १९५५ मधे न्यूयॉर्क सिटी बॅलेत गेलेला कृष्णवर्णीय नर्तक, मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली तेव्हा त्याने ठरवलं की हार्लेममधे, आपल्या वस्तीत शिकवायचं. १९६९ मधे कारेल शुकबरोबर डान्स थिएटर ऑफ हार्लेम काढलं. सुरुवातीला गॅरेजमधे क्लास. उकाड्यात दारं उघडी ठेवायचे, रस्त्यावरची पोरं डोकावायची आणि आत यायची. मुलग्यांना टाइट्सची लाज वाटते म्हणून जीन्स कापून केलेल्या चड्डीवर नाचायला परवानगी. हा माणूस स्वतः स्कूल ऑफ अमेरिकन बॅलेत स्कॉलरशिपवर शिकलेला. त्याला कुठे अडतं ते माहीत होतं म्हणून त्याने दार उघडं ठेवलं, पत्रकं वाटत बसला नाही.

---

बाबांची_शेपूट

पार्किन्सन्सच्या क्लासबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. बाबा दोन वर्षं जातायत.

ही कल्पना २००१ मधे ब्रुकलिनला मार्क मॉरिस डान्स ग्रुपने सुरू केली, आता बऱ्याच बॅलेवाल्यांकडे असे क्लास असतात. आजार बरा होत नाही, हे आधीच सांगते. पण बाबांचे पाय दाराशी चिकटायचे. म्हणजे खोलीत चालतात, दार आलं की पुतळा. मागून ढकललं तर पडतील. क्लासमधे त्यांना शिकवलं की मनात ठेका धरायचा आणि ठेक्यावर पाय उचलायचा. आता ते दाराशी थांबतात, ओठांनी 'आणि एक' म्हणतात आणि पलीकडे जातात. दर वेळी जमतं असं नाही. जमतं तेव्हा मागे वळून बघतात, मी बघितलं का म्हणून.

क्लास फुकट आहे, सोबत आलेल्या माणसालाही खुर्ची आणि चहा मिळतो. मधे दोन महिने पैशाअभावी बंद होता तेव्हा फरक कळला. बाकावरची_आई यांच्या मिस्टरांना सांगा, औषधपाणी हेही असतं.

---

बाकावरची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला बाबांची_शेपूट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, पण नंतर स्वतःच विचारत होता की फॉर्म कुठाय.

शाळेत फोन केला. आधी एकाने गोडगोड बोलून अहवाल पाठवतो म्हटलं. मी दुसऱ्या वर्षाचं विचारलं तर जरा थांबला आणि फोन शिक्षण विभागाच्या बाईंकडे दिला. त्या एकदम सरळ. म्हणाल्या, गेल्या वर्षी बाहेरच्या शाळांतून सहा मुलं घेतली, त्यातली चार आहेत, दोन गेली, एकाचं घर बदललं आणि एकीला संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळावं लागतं. मुलांची नावं घेतली नाहीत पण कोण का गेलं ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यावर माझा विश्वास बसला, अहवालापेक्षा जास्त. मुलग्यांचंही विचारलं, हसल्या आणि म्हणाल्या हो, तो आकडा वेगळा काढून देते.

मी विचारलं भाऊवालीला परत आणता येईल का. म्हणाल्या, भावालाही क्लासला घेऊन ये असं सांगायचा विचार आहे, पण तो पाच वर्षांचा आहे, त्याच्याकडे बघायला एक माणूस लागेल, त्याचे पैसे कशात दाखवायचे तेच कळत नाही. मग आम्ही असं ठरवलं की आईच्या नावाची स्कॉलरशिप नाही, नाव कुठेच नको, अर्धी रक्कम आत्ता बिनअटीची आणि उरलेली दरमहा, दोन वर्षं. रक्कम फार मोठी नाहीये हो, तुम्ही सगळ्यांनी फोर्ड फाउंडेशनपर्यंत नेलं म्हणून मला लाज वाटायला लागली.

अजून एक. त्यांच्याकडे शूजचं कपाट आहे म्हणे, जुने शूज मुलं आपसात वापरतात. माझ्याकडे लेकीच्या शूजची अख्खी पिशवी आहे, मऊ स्लिपर्सही आहेत आणि पॉइंट शूजही. सगळे देऊ का?

---

फी_माफ

मऊ स्लिपर्स, लिओटार्ड, स्कर्ट सगळं द्या. पॉइंट शूज अजिबात नका देऊ, ते एकीच्या पायाच्या आकारात बसलेले असतात, दुसरीने घातले तर घोट्याचं माझ्यासारखं होईल. सोन्यासारखे दिसत असले तरी नाही.

---

बाकावरची_आई

बरं झालं विचारलं. पॉइंटच्या रिबिनी आईने शिवलेल्या आहेत, तिचा टाका ओळखू येतो, चारही कोपरे दुहेरी. त्या उसवून ठेवते. स्लिपर्स धुऊन देऊ का तशाच?

---

जुनी_नाचरी

कॅनव्हासच्या असतील तर गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. चामड्याच्या नुसत्या ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात घातल्या तर कडक होतील. आणि आत नंबर लिहून द्या, कपाटात शोधताना फार वेळ जातो.